गोळी सुटण्याआधी

अमेरिकेतील शिकागो शहर आपल्याला उंच इमारतींमुळे माहीत आहे. त्याच शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागातील गरीब, प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत मात्र मुलगा संध्याकाळी बाहेर पडला की आईचा जीव टांगणीला लागतो. भांडणाचे कारण कित्येकदा क्षुल्लक असते. कुणी उधारी बुडवली, कुणी चारचौघांत अपमान केला. अशी भांडणे आपल्या मोहल्ल्यातही होतात. तिथे खिशात पिस्तूल असते, एवढाच फरक.

डॉ. गॅरी स्लटकिन हे साथरोगतज्ज्ञ. सोमालियातील निर्वासितांच्या छावण्यांत त्यांनी क्षयरोग आणि कॉलऱ्याशी झुंज दिली, पुढे जागतिक आरोग्य संघटनेत एड्सवर काम केले. 1995 मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी गोळीबारांचे नकाशे पाहिले. ते त्यांना थेट साथीच्या नकाशांसारखे वाटले! एका गोळीबाराच्या पोटी दुसरा जन्म घेतो, हे त्यांचे निदान. मग इलाजही साथीसारखाच हवा : संसर्ग जिथे पसरतो तिथेच तो अडवायचा, आणि अडवणारी माणसे त्याच वस्तीतली असावीत. सन 2000 मध्ये वेस्ट गारफिल्ड पार्क या भागात 'सीझफायर' नावाने काम सुरू झाले. पुढे त्याला 'क्युअर व्हायोलन्स' म्हणू लागले.

2004 पासून या कामात खास मध्यस्थ नेमले गेले. यातले बरेच जण स्वतः एकेकाळी टोळीत होते, तुरुंगातही जाऊन आलेले. शिकलेल्या साहेबाला जी मुले दारात उभी करणार नाहीत, ती यांचे ऐकतात. एखाद्याला गोळी लागली की मध्यस्थ इस्पितळात पोहोचतो. जखमी तर डॉक्टरांच्या हाती असतो. मध्यस्थाला गाठायचा असतो बाहेर दात ओठ खात उभा असलेला त्याचा भाऊ. त्याला बोलते ठेवायचे, घरी न्यायचे, ती रात्र काढायची. पोलिसांना खबर द्यायची नाही, हा नियम मात्र कडक. खबऱ्या ठरला की त्याचे काम त्याच दिवशी संपले. हा नियम अनेकांना खटकतो. मला तो अपरिहार्य वाटतो.

अमीना मॅथ्यूज अशाच एक मध्यस्थ. शिकागोतील कुख्यात टोळीप्रमुख जेफ फोर्ट यांची ही मुलगी. 2011 च्या 'द इंटरप्टर्स' या माहितीपटात हिजाबमधल्या अमीना संतापलेल्या तरुणांच्या घोळक्यात बेधडक शिरताना दिसतात. तिथे बापाचे नावही उपयोगी पडते आणि स्वतःचा भूतकाळही.

या कामाचा गुण सगळीकडे सारखा आलेला नाही. 2008 च्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या पाहणीत काही वस्त्यांत गोळीबार स्पष्टपणे घटलेला दिसला, काही ठिकाणी श्रेय देता आले नाही. त्यात पैशाची ओढाताण. 2015 मध्ये राज्य सरकारचा निधी थांबला आणि बहुतेक मध्यस्थ घरी बसले. 2016 मध्ये शिकागोत 750 हून अधिक खून झाले. या दोन्हींचा संबंध किती, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण लस देणे थांबवून साथीची वाट पाहावी, असे कोणता डॉक्टर सांगेल?

त्याच शहरात मुसलमानांनी उभी केलेली एक संस्था आहे, 'इनर-सिटी मुस्लिम अ‍ॅक्शन नेटवर्क'. आद्याक्षरे जोडली की होते 'इमान'. पॅलेस्टिनी वंशाचे रामी नशाशिबी आणि त्यांच्या साथीदारांनी ती 1997 मध्ये स्थापली. तिचे कार्यक्षेत्र मार्केट पार्कच्या परिसरात. 1966 मध्ये याच भागात मार्टिन ल्यूथर किंग यांना मोर्चात दगड लागला होता. इथल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत कोपऱ्यावरची अनेक दुकाने अरब मुसलमानांची. गल्ला आपला, वस्ती परकी, असा व्यवहार; त्यातून कटुता. 'इमान'ने या दुकानदारांना गिऱ्हाइकांशी बोलायला बसवले, दुकानात ताजी भाजी आणि फळे ठेवायला लावली.

पण तिचे मला सर्वांत भावलेले काम 'ग्रीन रीएंट्री'. तुरुंगातून सुटलेल्या तरुणाला नोकरी कोण देणार? तो पुन्हा टोळीकडेच वळतो. संस्था त्याला सुतारकाम, वीजजोडणी अशी बांधकामाची कामे शिकवते. कर्ज थकल्याने जप्त झालेली, ओस पडलेली घरे याच भागात रांगेने उभी होती. टोळ्यांना आडोशाला तीच सोयीची. ही मुले तीच घरे दुरुस्त करतात आणि मग त्यांत कुटुंबे राहायला येतात.