एक संत्रं, एक कांदा आणि वैशाखाचा वारा

एक होतं संत्रं आणि एक होता कांदा. दोघंही मंगरुळपीरकडच्या एकाच वावरातले. संत्रं मृग बहाराच्या शेवटच्या तोडीचं, कांदा रब्बीचा. मालकानं दोघांना टिनाच्या खोलीत ठेवलं. आठवडाभरात संत्र्याची साल सुरकुतली, कांदा मात्र ठणठणीत. मालकानं खोलीत पाणी मारून गारवा केला, तर कांद्याला मुळ्या फुटल्या, कोंब डोकावले. आता त्यानं करावं तरी काय? ऐका, पोरांनो.

तोडलं म्हणून फळ मरत नाही. त्याचा श्वास चालूच असतो. हवेतला प्राणवायू घ्यायचा, आतली साखर नि आम्लं जाळायची, कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि उष्णता बाहेर टाकायची. झाडावर होतं तोवर मुळं पाणी पुरवत, पानं साखर पुरवत. तोडल्यावर आवक बंद, खर्च मात्र चालू. शिवाय तापमान 10 अंशांनी वाढलं की हा श्वास दुपटी-तिपटीनं वाढतो. आपल्या वाशिमात वैशाखात पारा 42-43 अंशांवर जातो, टिनाखाली तर त्याहूनही वर. वर कोरडा वारा सालीतलं पाणी पळवतो. संत्रं तिथं किती दिवस तग धरणार?

त्यात संत्र्याची आणखी एक गंमत आहे. केळी, आंबा, सीताफळ तोडल्यावर पिकतात. संत्रं झाडावर जेवढं गोड झालं, तेवढंच. म्हणून ते तोडतानाच जपायचं. हिसका दिला तर देठापाशी साल फाटते आणि त्या बारीकशा जखमेतून हिरवी बुरशी आत शिरते. कात्रीनं देठ अगदी आखूड ठेवून कापलं की ते दार बंद राहतं.

शीतगृहात नागपुरी संत्रं साधारण 6-7 अंशांवर, 90-95 टक्के आर्द्रतेत ठेवतात. याहून फार थंड केलं तर सालीवर तपकिरी खड्डे पडतात. थंडीनंही फळ दुखावतं बरं का! केळं फ्रिजमध्ये काळं पडतं, तेही त्यामुळंच.

पण वावरात शीतगृह कुठून आणायचं? दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या रॉय आणि खुर्डिया या शास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात त्यावर वाट काढली. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत नदीची वाळू. सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवायची, वर ओलं झाकण, त्यावर सावली. पाण्याची वाफ होताना ती विटांतली उष्णता घेऊन जाते. आपला माठ असाच गार होतो. उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा 10-15 अंशांनी उतरतं, ओलावा 90 टक्क्यांच्या आसपास राहतो. वीज लागतच नाही. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ जोरात. म्हणजे जो वारा संत्र्याचं पाणी पळवत होता, तोच आता त्याला गारवा देतो!

आणि कांदा? तो असतो झोपलेला. पातीसकट वाळवला, मान सुकून मिटली, वरचं टरफल कागदासारखं वाजू लागलं की त्याची झोप गाढ होते. त्याला 25-30 अंशांची ऊब आणि 65-70 टक्के आर्द्रता मानवते. ओल लागली की त्याला वाटतं, पेरणीचे दिवस आले! म्हणून कांदाचाळ जमिनीपासून उचललेली, बाजूंनी बांबूच्या फटींची. खालून शिरलेला वारा ढिगातली ओल आणि ऊब घेऊन वर निघून जातो.

तर मालकानं काय केलं? विहिरीजवळ झाडाच्या सावलीत विटांचा शीतकक्ष बांधला, त्यात संत्री ठेवली. कांद्यासाठी उघड्यावर चाळ उभारली. वारा दोन्हीकडं तोच, काम मात्र वेगळं.

पोरांनो, शेतकऱ्यानं वर्षभर घाम गाळून फळात पाणी नि गोडी भरलेली असते. ती साठवणीत घालवणं म्हणजे त्याचे कष्ट वाया घालवणं. तेव्हा आजच एक काम करा. सारख्या वजनाची दोन संत्री घ्या. एक टिनाखाली ठेवा, दुसरं ओल्या वाळूत टेकवलेल्या मडक्यात, वर ओलं फडकं झाकून. आठ दिवसांनी दोन्ही तराजूत घाला आणि किती पाणी उडालं ते मला येऊन सांगा.