एका रुपयाची वेठ

वेठ हा शब्द आता कोशातच उरला, अशी पुष्कळ सुशिक्षित मंडळींची समजूत आहे. इंग्रजी अमदानी गेली, वाड्यावरचे सावकार गेले, तेव्हा वेठही गेली असेल, असे त्यांस वाटते. आम्हांला ही समजूत मान्य नाही. उमरोळी, पालघर, बोईसर या पट्ट्यातील कामगारांत आमची हयात गेली. वेठ येथून गेली नाही, तिने नाव बदलले, एवढेच आम्ही पाहिले.

जुनी वेठ कशी होती ते आधी सांगितले पाहिजे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू-उंबरगाव भागात वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेई आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघेही त्याच्याकडे राबत. ते फिटत नसेच. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. 1945 साली शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली, किसान सभेच्या झेंड्याखाली, वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची चाल झुगारून दिली. त्यासाठी गोळीबार सोसला. राज्यघटना अमलात आली 1950 साली. तिच्या 23 व्या अनुच्छेदाने वेठ व सक्तीची मजुरी यांस बंदी केली. वारल्यांनी हा अनुच्छेद पाच वर्षे आधीच लागू केला होता, असे आम्ही थट्टेने म्हणतो, परंतु ती थट्टा फारशी खोटी नाही.

आता सक्ती म्हणजे काय? मालकाच्या हाती चाबूक असला तरच ती सक्ती की काय? या प्रश्नाचा निकाल लागला तो एका रुपयावरून. दिल्लीस 1982 च्या आशियाई खेळांसाठी बांधकामे चालू होती. मजुराचा किमान रोज 9 रुपये 25 पैसे ठरलेला होता. मुकादम त्यातून रुपया दलाली कापी व मजुराच्या हातावर 8 रुपये 25 पैसे टेकवी. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संस्थेने न्यायमूर्ती भगवती यांना याविषयी पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले. पगार मजुरांचा कापला गेला, मग तक्रार करणारी ही संस्था कोण, अशी हरकत निघाली. युनियनवाल्यांना ही हरकत नवी नव्हे. मुंबईच्या नागदेवी भागातील लोखंडी सामानाच्या दुकानांत काम करणाऱ्यांचा बोनसचा तंटा मुंबई कामगार सभेने नेला, तेव्हाही ती निघालीच होती, आणि 1976 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तिला फारसे महत्त्व दिले नव्हते.

सप्टेंबर 1982 मध्ये न्यायालयाने सांगितले की, ठरलेल्या किमान वेतनाहून कमी मोलाने जो राबतो, तो सक्तीचीच मजुरी करतो. कारण पोटातील भूक आणि दुसरा आधार नसणे हीही सक्तीच होय. शिवाय हा अनुच्छेद सरकारप्रमाणेच खाजगी मालकालाही बांधतो. आमच्या मते कष्टकऱ्यांसाठी एवढा उपयुक्त निवाडा दुसरा नाही, आणि आश्चर्य असे की ज्यांच्यासाठी तो झाला त्यांतल्या शंभरांत एकालाही तो ठाऊक नसावा.

जव्हार-मोखाड्याकडील कातकरी, वारली कुटुंबे दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर उतरतात. पावसाळ्यातल्या अडचणीत घेतलेला बयाणा, आठवड्याला खर्ची, आणि हिशेब थेट हंगामाच्या शेवटी, असा हा व्यवहार चालतो. असेच एक कुटुंब एकदा आमच्याकडे आले. नवरा, बायको व थोरला मुलगा सहा महिने राबले होते, आणि मालकाच्या वहीत बाकी त्यांच्याकडेच निघत होती. आम्ही रात्री बसून विटांचे हजार मोजले, दिवसांनी भागले. माणशी रोज किमान वेतनाच्या निम्म्यावरही येईना. मालक म्हणाला, "मी कुणाला बांधून ठेवलं आहे? माझे पैसे फेडा आणि खुशाल जा."

कायद्याने जिला वेठबिगारी म्हटले आहे ती नेमकी या दुसऱ्या वाक्यात आहे. 1976 चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा असे कर्ज रद्द समजतो. ते वेठीचे नाही हे सिद्ध करण्याचे ओझे तो सावकारावर टाकतो. फरिदाबादच्या दगडखाणींच्या खटल्यात, बंधुआ मुक्ती मोर्चाच्या पत्रावरून, न्यायालय डिसेंबर 1983 मध्ये आणखी पुढे गेले. मजुराकडून सक्तीने काम घेतले जाते असे दिसले की, ते उचलीपोटीच घेतले जाते असे धरून चालावे, असे त्याने ठरविले. निरक्षर माणसाने कागद आणायचा कोठून, हे तेव्हा कोणीतरी ओळखले. शिक्षा मात्र तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड दोन हजारांपर्यंत. त्या दोन हजारांची आज किंमत काय, हे वाचकांनीच पाहावे.

अर्ज जिल्हाधिकारी किंवा प्रांतांकडे करावयाचा. त्याला वकील लागत नाही. लागलाच तर वेठीचा बळी आणि आदिवासी या दोघांनाही, उत्पन्न न पाहता, विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. जिल्ह्यात व प्रांताच्या विभागात दक्षता समिती असावी, तीत आदिवासी व दलितांबरोबर दोन समाजसेवकही असावेत, असे कायदाच सांगतो. ती समिती भरते की नाही, ही चौकशी शहरातील कोणीही करू शकतो. आजवर आम्हांला अशी चौकशी करणारे फार थोडे भेटले.

आमच्या त्या कुटुंबाच्या सुनावणीत मालकाने वही पुढे केली. प्रांतांनी ती उघडली नाही. "रोज किती दिलात, तेवढं सांगा," असे ते म्हणाले. मालक वकिलाकडे पाहू लागला.