ट्रेडमिल घेताय? आधी चालून पाहा!

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांकडे सरकला की माझ्या मधुमेही रुग्णांचे फिरणे बंद पडते आणि मृग लागेपर्यंत रक्तातील साखर चढलेली असते. म्हणून "डॉक्टरसाहेब, ट्रेडमिल घेऊ का?" असे विचारणाऱ्यांना मी नाही म्हणत नाही.

मात्र दुकानात बूट घालून जा आणि निदान दहा मिनिटे तिच्यावर चाला. चकचकीत पडद्याला भुलू नका. मोटरची अश्वशक्ती विचाराल तेव्हा 'सतत मिळणारी किती?' असे विचारा. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापतात ती बहुधा क्षणभराची असते. नुसते चालायला सतत मिळणारी दीड ते दोन अश्वशक्ती पुरते. पट्टा आखूड असेल तर पाऊल आखडते, तोल जातो. उंच माणसाने लांब पट्टाच घ्यावा. यंत्राची वजन पेलण्याची मर्यादा आपल्या वजनापेक्षा वीसेक किलोंनी जास्त असलेली बरी.

दोरीला बांधलेली सुरक्षा-किल्ली कपड्याला अडकवल्याशिवाय पट्टा सुरू करू नका. पाय घसरला की किल्ली निघते आणि पट्टा थांबतो. ती न लावणाऱ्यांचे सोललेले गुडघे मी बांधून दिले आहेत. व्यायाम संपला की किल्ली कपाटात ठेवा. लहान मुलांची बोटे पट्ट्यात सापडतात. साडीचा पदर, ओढणी नीट खोचावी.

चालताना छातीत दुखते किंवा दम लागतो, त्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्यांना फोड आलेला कळतही नाही. त्यांनी अनवाणी चालू नये आणि रोज रात्री तळवे पाहावेत. आठवड्याला १५० मिनिटे झपाझप चालणे पुरते. दिवाळीनंतर सेवाग्रामचा रस्ता आहेच, तिथे मोटर लागत नाही.