रंगीत लेझर मुद्रणयंत्र आणि कपाशीचे लाल पान

कपाशीची पाने लाल पडली की आपल्याकडे 'लाल्या आला' असे म्हणतात. परंतु मॅग्नेशियमच्या उणिवेने येणाऱ्या लाल्यात शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल होतो. तुडतुड्यांनी रस शोषल्यास पानांच्या कडा प्रथम पिवळसर, मग लालसर होऊन मुरडतात. पहिल्यास मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी हवी, दुसऱ्यास किडीचा बंदोबस्त. काळ्या-पांढऱ्या पत्रकावर मात्र दोन्ही पाने सारखीच करडी उमटतात, आणि चुकीच्या औषधाचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात अशी पत्रके वाटताना आम्ही आरंभी शाईचे रंगीत यंत्र वापरले. उन्हाळ्यात ते महिनाभर बंद राहिले आणि शाई छिद्रांतच वाळली. पावसाळ्यात पत्रक भिजताच रंग पसरले. पुढे लेझर यंत्र घेतले. त्यात शाई नसून भुकटी असते. प्रकाशकिरणाने फिरत्या रुळावर विद्युतभाराचे चित्र उमटते, त्यास भुकटी चिकटते व उष्णतेने वितळून कागदावर पक्की बसते. चेस्टर कार्लसन यांनी 1938 साली अमेरिकेत सिद्ध केलेल्या कोरड्या छपाईचाच हा विस्तार होय. भुकटी वाळण्याचा प्रश्नच नाही. ओल्या हातानेही रंग सहसा पसरत नाही.

तथापि यंत्र निर्दोष नव्हे. काळी, निळी, किरमिजी व पिवळी अशा चार नळकांड्यांचा खर्च जड जातो. सबब सातबाऱ्याचे उतारे केवळ काळ्यावरच काढावेत. एकदा किरमिजी भुकटी संपत आली असता लाल पाने पिवळी छापली गेली. चूक ध्यानी येईतो पत्रके गावात पोहोचली होती. ती घरोघर फिरून परत आणावी लागली. तेव्हापासून पहिली प्रत खऱ्या पानाशेजारी, दिवसाच्या उजेडात धरून पाहिल्यावाचून आम्ही पुढील प्रती काढत नाही.

कागद कोरडा व गुळगुळीत असावा. दौलताबादेजवळील कागझीपुऱ्याचा हातकागद कितीही सुंदर असला तरी त्याचा खरखरीत पृष्ठभाग या यंत्रास मानवत नाही. संगणकाच्या लहान बॅटरीसंचावर यंत्र जोडू नये. तापताना ते एकदम पुष्कळ वीज ओढते. काम संपताच यंत्र निवू द्यावे व धुळीपासून झाकावे. भुकटी सांडल्यास कोरड्या फडक्याने टिपावी, कपड्यावर पडल्यास झटकून थंड पाण्याने धुवावी. गरम पाण्याने ती कायमची बसते.