मधुमेही लेकरांचा हक्क आणि आपली जबाबदारी

मधुमेह हा गादीवर बसून खाणाऱ्यांचा आजार आहे, असा समज आपल्या वस्त्यांत अजून पक्का आहे. म्हणून भिवंडीतल्या यंत्रमाग कामगाराच्या आठ वर्षांच्या मुलीला डॉक्टरांनी मधुमेह सांगितला, की घरच्यांचा विश्वासच बसत नाही. कोणी म्हणते, गोड फार खाल्ले. कोणी आईच्या कुशीला दोष देते. कोणी बुवाचा पत्ता देते. पहिल्या दोन गोष्टी खोट्या आहेत आणि तिसरी जीवघेणी आहे.

लहान मुलांना बहुधा 'टाईप १' मधुमेह होतो. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. हा आजार संसर्गाने पसरत नाही आणि गोड खाल्ल्यानेही होत नाही. सारखी तहान, सारखी लघवी, मोठे झालेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागणे, खाऊनही वजन घटणे ही त्याची लक्षणे. अशा मुलाची साखर त्याच दिवशी तपासली पाहिजे. उलट्या आणि जोराचा श्वास सुरू झाला, तर मग एक तासही दवडू नये.

१९२१ साली टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला. त्याआधी अशी मुले पाहता पाहता दगावत. १९२२ च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले आणि तो वाचला. संशोधकांनी पेटंट प्रत्येकी अवघ्या एका डॉलरला विद्यापीठाच्या हवाली केले. औषध गरिबापर्यंत पोहोचावे, हा त्यामागचा विचार. शंभर वर्षे उलटल्यावरही गरिबाच्या घरात इन्सुलिन बंद पडत असेल, तर दोष विज्ञानाचा म्हणता येणार नाही.

खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता. तो मोठ्या वयातला, वेगळ्या प्रकारचा. पण इन्सुलिन आणि पथ्य त्यांच्याही घरात होते. त्या आजारासह त्यांनी अखेरपर्यंत लेखन केले. मग आपल्या लेकरांनी हा आजार लपवायचा का? मुलीचे लग्न जमणार नाही म्हणून तिला चोरून सुई घ्यायला लावणे, हा तिच्यावरचा अन्याय आहे.

आता रोजच्या जगण्याचे पाहू. बाप रातपाळी करून सकाळी झोपतो, आई आठ वाजता गोदामावर जाते. दुपारची सुई कोणी द्यायची? हा प्रश्न डॉक्टरांच्या चिठ्ठीत सुटत नाही. म्हणून आमचे सांगणे असे, की घरातील एक, शेजारची एक आणि शाळेतील एक, अशा तीन मोठ्या माणसांनी सुई देणे आणि साखर तपासणे शिकून घ्यावे. बाटलीवर ४० युनिट लिहिले असेल तर सिरिंजही ४० चीच हवी, तिचे टोपण लाल असते. १०० ची नारिंगी सिरिंज वापरली, तर डोस पूर्ण चुकतो. सुईची जागा रोज बदलावी.

पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात इन्सुलिन खराब होते. फ्रीज नसेल तर पाण्याने ओल्या ठेवलेल्या मातीच्या भांड्यात, कोरड्या डबीत बाटली ठेवावी. बर्फाला लावू नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. वापरलेली सुई उघड्या कचऱ्यात टाकू नका. ती आपल्याच सफाई कामगाराच्या हाताला टोचते. जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून दवाखान्यात द्या.

मूल घामाघूम झाले, थरथरले, बरळू लागले तर साखर उतरली असे समजा. तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. आणि ताप असो वा जेवण जात नसो, इन्सुलिन मनाने बंद करू नका. डोस कमी-जास्त करायचा तो डॉक्टरांना विचारूनच.

बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटली जाते, तेव्हा या मुलाला कोपऱ्यात बसवू नका. किती खीर आणि किती इन्सुलिन हे डॉक्टरांना आधी विचारा आणि त्याला सर्वांबरोबर पंगतीत बसवा.

आता कायद्याचे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 'आम्ही जबाबदारी घेत नाही' असे शाळेने म्हटले, तर ते लेखी मागा. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना लिहिले आहे, की अशा मुलांना वर्गात आणि परीक्षेतही साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे, मधला खाऊ खाऊ द्यावा. त्या पत्राची प्रत मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा. तातडीचा उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात शासनाला बजावले आहे.

तरीही एक मोठी उणीव उरते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, सिकलसेल आहे. टाईप १ मधुमेह नाही. त्यामुळे या मुलांना त्या कायद्याच्या सवलती मिळत नाहीत. ही मागणी चळवळीने उचलली पाहिजे.

इन्सुलिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तेव्हा जवळच्या सरकारी रुग्णालयात मुलांसाठी इन्सुलिन, सिरिंज आणि स्ट्रिप्स दरमहा किती येतात, हे माहिती अधिकारात विचारा. अर्जाला शुल्क दहा रुपये; दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही.

भिवंडीतील प्रत्येक विहाराने, महिला मंडळाने आपल्या वस्तीत अशी किती मुले आहेत याची नोंद या महिन्यात करावी. पुढच्या रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास सुई आणि साखर तपासणी शिकण्यासाठी ठेवावा, एखाद्या परिचारिका भगिनीला बोलवावे. अर्ज लिहून द्यायला आमच्यासारखे वकील आहेतच. जय भीम!