रंगाखालचें लोखंड आणि अर्थिंगची तार

विहिरीवरील विजेच्या पंपास अर्थिंग केलें म्हणजे जिवाचा धोका टळला, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. तारेचें एक टोंक जमिनींत नीट गाडलेलें असलें, तरी दुसरें टोंक रंगावर आवळलें असेल तर ती तार असून नसल्यासारखीच होय.

आमचाच अनुभव सांगतों. खंडेनवमीच्या पूजेपूर्वीं आम्हीं मोटारीस, तिच्या लोखंडी बैठकीस व स्टार्टरच्या पेटीस हिरवा तेलरंग दिला. त्यासाठीं अर्थिंगची तार सोडली आणि रंग वाळल्यावर ती त्याच बोल्टाखालीं पुन्हां आवळली. दिसण्यांत कांहीं उणें नव्हतें. चार महिन्यांनीं आमच्या गड्याचा ओला हात मोटारीस लागला आणि तो मागें फेंकला गेला. दैव बलवत्तर म्हणून वांचला. मोटारीच्या गुंडाळ्यावरील वेष्टण एके ठिकाणीं जळून तिच्या अंगांत वीज उतरली होती. पण फ्यूज मात्र गेला नव्हता. चूक सर्वस्वीं आमचीच होती.

असें कां झालें? तेलरंग काय किंवा भट्टींत भाजून चढविलेला भुकटीचा रंग काय, दोन्ही विजेस अडवितात. बोल्टाच्या आट्यांतून धातूस धातु कोठें तरी टेंकतो, पण तो सांधा केसाएवढा. समजा, विजेचा दाब २३० व्होल्ट आहे आणि वाटेंत एकंदर २० ओहम अडथळा आहे. मग प्रवाह साडेअकरा अँपिअरच होईल व १५ अँपिअरचा फ्यूज त्यानें वितळणार नाहीं. अडथळ्याचा बहुतेक भाग त्या एका सांध्यांतच असला, तर जवळजवळ सर्व दाब मोटारीच्या अंगावर राहील. उलट, अँपिअरचे हजार भाग केले तर त्यांतील तीसचाळीस भागांचा प्रवाहही माणसाच्या जिवावर बेतूं शकतो. बैल व म्हशी ओल्या चिखलांत उभ्या असतात आणि त्यांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक असतें. म्हणून त्यांचा धोका आणखी मोठा.

सांधा करण्याची रीत अशी. काम जाणत्या वायरमनकडूनच करवावें. मेन स्विच बंद करून फ्यूज काढून आपल्या खिशांत ठेवावे.

(१) तारेच्या लगेहून किंचित् मोठी जागा कानशीनें किंवा पॉलिश कागदानें लोखंड चकचकीत दिसेपर्यंत खरवडावी. जस्ताचा मुलामा असलेल्या लोखंडावर मात्र कानस चालवूं नये. मुलामा गेला कीं गंज चढतो. तें नुसतें घासून पुसावें.

(२) लग उघड्या धातूवर थेट बसवावी. दातेरी वॉशर घातल्यास उत्तम. परंतु त्याच्या भरंवशावर खरवडणें टाळूं नये. स्प्रिंग वॉशर नट सैल होऊं देत नाहीं. रंग कापणें हें त्याचें काम नव्हे.

(३) ओलाव्यांत तांब्याशेजारीं जस्त किंवा अ‍ॅल्युमिनिअम झिजतें. तेथें कथिल चढविलेली लग वापरावी.

(४) नट घट्ट आवळल्यावर बाहेरून रंग द्यावा. आधीं जोड, मग रंग, हा क्रम कधींही उलटूं नये.

(५) स्टार्टर-पेटीच्या दारासाठीं बिजागरीवर विसंबूं नये. पेटी व दार यांमध्यें विणलेली लवचिक तांब्याची तार जोडावी.

जोड झाल्यावर मोटारीच्या उघड्या धातूपासून अर्थिंगच्या तारेपर्यंतचा अडथळा यंत्रानें मोजावा. तो शून्याच्या अगदीं जवळ आला पाहिजे. सेल व लहान दिव्यानें केलेली परीक्षा फसवी असते, कारण केसाएवढ्या सांध्यांतूनही दिवा पेटतो. जमिनींतील खड्ड्याचा अडथळा वेगळा मोजावा लागतो. तीन फेजच्या मोटारीच्या अंगास दोन स्वतंत्र अर्थिंग असावीत, असा आपल्याकडे नियमच आहे. दुसरी तार त्याच बोल्टाखालीं दडपल्यानें तो पाळला जात नाहीं. शिवाय ३० मिलिअँपिअर गळतीस वीज तोडणारा ब्रेकर बसविल्यास उत्तम. पण त्यामुळें अर्थिंगची गरज संपत नाहीं.

आतां आम्ही दर खंडेनवमीस कुंकू लावण्यापूर्वीं वायरमनला बोलावून हे सांधे तपासून घेतों. वाचकांनींही तो परिपाठ ठेवावा, अशी आमची विनंति आहे.