गोंगाटातली खूण शोधणारे पोस्टडॉक

१४ सप्टेंबर २०१५. जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात दुपारचे बारा वाजायला आले होते. तिथल्या मॅक्स प्लांक संस्थेतला इटालियन पोस्टडॉक (पीएच.डी.नंतर ठरावीक मुदतीसाठी नेमलेला संशोधक) मार्को ड्रागो याच्या संगणकावर एक स्वयंचलित सूचना झळकली. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथल्या, गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगो प्रकल्पाच्या दोन्ही यंत्रांनी सारखीच थरथर टिपली होती. आलेख इतका स्वच्छ, की त्याला शंकाच आली. यंत्रणेची परीक्षा घेण्यासाठी कधीकधी मुद्दाम बनावट संकेत सोडत, तसलाच हा असावा. सहकारी अँड्र्यू लंडग्रेनबरोबर त्यानं नोंदी चाळल्या, लिव्हिंगस्टनला फोन लावला. कुणी काहीही सोडलं नव्हतं.

गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशकाळातली थरथर, पहिल्यांदा पाहिली ती एका पोस्टडॉकनं, यात नवल नाही. मोठ्या प्रयोगांचा डेटा रोजच्या रोज उलगडण्याचं काम बरंचसं याच मंडळींच्या हातून होतं.

तो संकेत जेमतेम ०.२ सेकंदाचा होता. जमिनीची कंपनं, वारा, यंत्राचे स्वतःचे झटके, हे सगळं त्याच डेटात मिसळलेलं असतं. मग खात्री कशी पटवायची? एका केंद्राचा डेटा दुसऱ्याच्या तुलनेत मुद्दाम मागेपुढे सरकवायचा. खरी लहर दोन्ही केंद्रांवर फार तर १० मिलिसेकंदांच्या फरकानं पोहोचते. त्याहून जास्त सरकवल्यावरही जे जुळेल, तो निव्वळ योगायोग. १६ दिवसांच्या डेटावर हे पुन्हा पुन्हा करून उत्तर मिळालं : असा योगायोग २ लाख ३ हजार वर्षांत एकदाही घडणं कठीण. म्हणजे संकेत खरा होता : सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती.

या शोधाचं एक मूळ पुण्यात आहे. लहर कशी दिसेल याचे नमुने आधीच गणितानं तयार ठेवायचे आणि डेटाशी ताडून पाहायचे. असे नमुने कसे निवडावेत, यावर तिथल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच पायाभूत लेख लिहिला. २०१५ च्या शोधात सुमारे अडीच लाख नमुने वापरले गेले.

असा डेटा उलगडणाऱ्या पोस्टडॉकची मुदत मात्र तुटपुंजी. भारतातली राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची. यंत्राचा स्वभाव कळू लागतो, तोवर पुढच्या जागेसाठी अर्ज सुरू करावे लागतात. महिनोन्‌महिने खपून लिहिलेली आज्ञावली बायोडेटात एका ओळीत संपते. लायगोच्या शोधनिबंधावर हजाराहून अधिक लेखक आहेत, नावं आडनावांच्या अकारविल्हे. कोणी काय केलं हे त्यावरून कळत नाही. निवड समित्यांनी डेटा तपासण्याच्या कामाचं मोल वेगळं धरायलाच हवं.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या नियोजित केंद्राला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिथल्या यंत्राच्या चार-चार किलोमीटरच्या भुजांना मराठवाड्याच्या जमिनीची थरथर जाणवणारच, आणि ती ओळखायला वर्षानुवर्षं टिकून राहणारी माणसं लागतील. त्यांच्या जागांची तरतूद यंत्र उभं राहण्याआधीच व्हायला हवी.